तान्ह्या बाळासोबत ध्वनिप्रकल्प: शांततेच्या हिशोबाने कामाची आखणी

तान्हे बाळ सांभाळत असताना पॉडकास्ट, श्रुतिका किंवा केवळ आवाजांतून उभी राहणारी एखादी कलाकृती सुरू करायची असेल, तर कामाची आखणी तासांच्या हिशोबाने करू नये. वेळ कमी असतोच, पण त्याहून दुर्मीळ असते ती शांतता. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपत असले, तरी ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्यातच सांभाळणाऱ्याचे जेवण, आंघोळ आणि स्वतःची झोपही बसवावी लागते. तेव्हा ध्वनिमुद्रणाला खात्रीने हाती लागणारी शांतता वीस मिनिटांची आहे, असे धरूनच सुरुवात करावी.

यासाठी प्रकल्पातील प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: याला शांतता लागते का? आवाजाच्या मुद्रणाला ती लागते. लेखन, संशोधन, पाहुण्यांशी पत्रव्यवहार, कच्च्या मुद्रणाचे पहिले श्रवण आणि बरेचसे संपादन यांना ती लागत नाही. बाळ झोपल्यावर संगणक उघडून संहिता सुधारत बसणे म्हणजे सर्वांत महागडी वीस मिनिटे सर्वांत स्वस्त कामावर खर्च करणे होय. संहिता बाळ जागे असतानाही मनात घोळवता येते आणि दूध पाजताना एक हात मोकळा असेल, तर फोनवर बोलून टिपून ठेवता येते. अशा टिपणाच्या आरंभी विषय एका वाक्यात सांगून ठेवावा, नाहीतर आठवड्याने निनावी फाइलींचा ढीग ऐकण्यातच एक दुपार जाते.

प्रकार निवडताना व्यत्यय पचवू शकणारा निवडावा. ठरलेल्या वेळी तासभर चालणारी मुलाखत हा या काळातील सर्वांत अवघड प्रकार आहे. त्याऐवजी पाहुण्यांना प्रश्न आधी पाठवून उत्तरे त्यांच्याकडूनच ध्वनिमुद्रित करून मागवता येतात. एकट्याच्या निवेदनाचे पाच मिनिटांचे भाग तर अगदी शक्य कोटीतले आहेत. संथ वाचनाचा वेग मिनिटाला 110 ते 120 शब्द धरला, तर अशा भागाला साडेपाचशे ते सहाशे शब्द पुरतात. संहिता स्वतंत्र परिच्छेदांत लिहावी आणि प्रत्येक परिच्छेद वेगळ्या फाइलीत मुद्रित करावा, म्हणजे मध्येच रडणे ऐकू आले तरी नुकसान एका परिच्छेदापुरते राहते. तुकडे वेगवेगळ्या दिवशी मुद्रित होणार असल्याने आवाज जुळण्याची अडचण येते. तिच्यावर उपाय असा, की माइक, जागा आणि तोंडापासूनचे अंतर कधीही बदलू नये आणि बोलण्यापूर्वी मागील तुकड्याची शेवटची काही वाक्ये ऐकून त्याच सुरात सुरुवात करावी.

जागा बाळाच्या खोलीपासून शक्य तितकी दूर, दोघांमध्ये दोन बंद दारे असतील अशी आणि कपडे, पडदे, गाद्या यांनी भरलेली असावी. मऊ वस्तू प्रतिध्वनी शोषून घेतात. या कामी कपड्यांचे उघडे कपाट महागड्या फोमइतकेच उपयोगी पडते. माइक डायनॅमिक प्रकारचा असल्यास चांगले, कारण कंडेन्सर माइकपेक्षा तो आसपासचा आवाज सहसा कमी पकडतो. तोंडापासून त्याचे अंतर चार बोटे ते एक वीत असावे. अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, खोलीचा घुमार मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून जवळून बोलल्यास हळू आवाजही भरीव येतो आणि पलीकडे झोपलेल्या बाळालाही त्याचा त्रास होत नाही. मुद्रणाच्या पातळीमापकावर सर्वांत मोठा उच्चार उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी ठेवावी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो (एकच ध्वनिवाहिनी) या मुद्रणाच्या मापात तासाभराच्या मुद्रणाला सुमारे 520 मेगाबाइट जागा लागते, तेव्हा फोनमधील जागा आधी पाहून घ्यावी.

चूक झालेली जागा दाखवण्यासाठी अनेक जण टाळी वाजवतात. येथे अर्थातच ते परवडणारे नाही. माइकजवळ जिभेने दोनदा टकटक केल्यास संपादनाच्या वेळी पडद्यावरील आवाजाच्या आलेखात तसेच टोकदार शिखर दिसते. प्रत्येक बैठकीत अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी, कारण तुकडे जोडताना मधल्या फटी भरायला तीच लागते. बाळ एकसुरी आवाजाच्या यंत्रावर झोपत असेल, तर मुद्रणासाठी ते बंद करण्याचा मोह टाळावा. बंद करताच बाळ उठण्याचा संभव अधिक. हा आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, पण जास्त काढला की बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते.

मांडणी रोज नव्याने करायची झाली, तर निम्मी झोप त्यातच संपते. म्हणून माइक कायम जोडून ठेवावा, परंतु रांगणाऱ्या बाळाच्या हाती वायर लागणार नाही अशा उंचीवर. माइकवरची फोमची टोपी घशात अडकू शकते. बटणासारखे चपटे सेल तर त्याहून घातक, कारण गिळला गेल्यास असा सेल दोन तासांतही अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकतो. असे सेल असलेली उपकरणे कुलपात ठेवणेच योग्य.

संपादनासाठी ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. घरात दुसरे कोणी नसताना दोन्ही कान हेडफोनने झाकू नयेत. एका कानाने ऐकत निवड आणि काटछाट करावी. आवाजांचा अंतिम तोल मात्र दुसरी प्रौढ व्यक्ती बाळाजवळ असतानाच पाहावा. त्या व्यक्तीकडे मोघम मदत मागण्यापेक्षा चाळीस मिनिटे बाळाला फिरवून आणण्याची नेमकी विनंती करावी. अंतिम फाइलीची सरासरी तीव्रता मोनोसाठी उणे 19 आणि स्टिरिओसाठी (दोन ध्वनिवाहिन्या) उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी तीव्रता मोजण्याचे एकक) आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. काम अर्धवट सोडावे लागले, तर उठण्यापूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी आणि डोळे मिटू लागले असतील, तर संपादन सोडून झोपावे. थकवा आवाजात स्पष्ट ऐकू येतो आणि कोणत्याही फिल्टरने जात नाही.

घरातले आवाज टाळण्याऐवजी त्यांनाच सामग्री मानण्याचा मार्गही मोकळा आहे. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी 1948 मध्ये आगगाड्यांच्या मुद्रित आवाजांतून संगीतरचना घडवली होती. पाळण्याची करकर, बाटलीतले पाणी, दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे हुंकार आणि पुढे सहा महिन्यांनंतर येणारी ‘बाबाबा’सारखी आवर्तने यांतही तितकीच लय आहे. ही मुद्रणे मूळ स्वरूपात दोन ठिकाणी जपावीत. प्रसिद्ध करताना मात्र बाळाचे नाव, जन्मतारीख किंवा घराचा ठावठिकाणा त्यांच्यासोबत जाऊ देऊ नये आणि मुलांची रडारड विनोदासाठी वापरू नये.

प्रकाशनाचे वेळापत्रक निदान तीन भाग पूर्ण तयार होईपर्यंत जाहीर करू नये. दर आठवड्याचे वचन देण्यापेक्षा सहा भागांची एक मालिका जाहीर करून तिच्या शेवटी थांबणे सोयीचे पडते, कारण दात येताना किंवा आजारपणात बाळाच्या झोपेची घडी विस्कटली तरी हाताशी शिल्लक भाग राहतात.