सातारा-सांगलीहून कोकण किनारा गाडीने: तिथी पाहून आखायची सहा दिवसांची सहल

घाटावरून कोकणात उतरायचे ठरले की बहुतेक घरांत आधी खोल्या बुक होतात, मग नकाशा उघडला जातो. त्याऐवजी आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावर काय दिसणार, पुळण (वाळूचा किनारा) किती रुंद मिळणार, पाण्यात कधी उतरायचे, हे सगळे भरती-ओहोटी ठरवते आणि भरती तिथीवर चालते.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल तो तास म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४, म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत तीच. एका भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढे पुरते.

आता हे उलटे लावून पाहा. संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळणीवर फिरायचे असेल तर त्या वेळी ओहोटी हवी, म्हणजे भरती दुपारी साडेअकराच्या आसपास हवी. हे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या मागेपुढे दोन दिवस जमते. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताला पाणी सुरूच्या झाडांपाशी आलेले असते आणि मुलांना खेळायला जागाच उरत नाही. म्हणून घरातून त्रयोदशीला निघावे. शुद्ध त्रयोदशी साधली तर रात्री चांदणेही मिळते. एक मात्र ध्यानात ठेवा: याच दिवसांत उधाण असते. ओहोटीला पाणी लांब जाते, तसे भरतीला ते आतही जोरात येते.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा. गणपती आणि शिमग्याला मुंबईकर चाकरमानी गावी येतात. तेव्हा रस्ते भरलेले असतात आणि खोल्या मिळत नाहीत. मे महिन्यात आंबा मिळतो, पण घामाच्या धारा लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद, आणि घाटात दरडी. पावसाळी कोकण सुंदरच, पण ती वेगळी सहल. तेव्हा एकाच गावी मुक्काम टाकून बसावे, किनाऱ्याने प्रवास करू नये.

वेगाचा हिशेब

पुणे-बंगळूर हायवेवर गाडी चालवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. हायवेला तासाला ६०-७० किलोमीटर पडतात, घाटात ३०-३५, आणि सागरी मार्गावर थांबे न धरताही ३० ते ३५. प्रत्येक खाडीला रस्ता आत वळतो, पूल ओलांडतो, सडा (जांभ्याचे पठार) चढतो आणि पुन्हा किनाऱ्याला उतरतो. म्हणून दिवसाचे किनाऱ्यावरचे अंतर ७०-८० किलोमीटर धरा. १५० च्या पुढे आखलेत तर दिवसभर फक्त गाडीच चालवाल.

इंधनाचाही तसाच हिशेब करा. गाडी हायवेला १८ चे ॲव्हरेज देत असेल तर इथे १४ धरा. खाली दिलेला साताऱ्याचा फेरा आडवाटा धरून साधारण ७७५ किलोमीटर भरतो, म्हणजे ५५ लिटर. टाकी चिपळूण, रत्नागिरी, देवगड-जामसंडे आणि मालवण इथे भरायची. अर्ध्याखाली काटा जाऊ देऊ नका. मधल्या गावांत पंप विरळ आहेत.

साताऱ्याहून: सहा दिवस, पाच मुक्काम

पहिला दिवस (त्रयोदशी): सातारा, कराड, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण, शृंगारतळी, गुहागर. सुमारे १९५ किलोमीटर, थांब्यांसह सहा तास. सकाळी नऊला निघालात तर दुपारचे जेवण चिपळूणला होते आणि तीनपर्यंत गुहागर गाठता येते. त्रयोदशीची भरती पावणेदहाची, म्हणजे ओहोटी चारच्या सुमारास. सामान टाकून थेट पुळणीवर जा.

दुसरा दिवस: गुहागरहून आठला निघून वेळणेश्वर, मग हेदवी. हेदवीला आधी समुद्राकाठची बामणघळ, नंतर दशभुज गणेशाचे देऊळ. हा क्रम तिथीमुळेच: चतुर्दशीची भरती साडेदहाची, आणि घळीत लाट शिरून पाण्याचा फवारा वर उडतो तो भरतीलाच. ओहोटीला पोहोचलात तर नुसती कातळातली भेग दिसते. घळीच्या काठावर, ओल्या कातळावर उभे राहू नये. शेवाळ निसरडे असते आणि दहा लहान लाटांनंतर अकरावी मोठी येते.

तिथून तवसाळला जा आणि फेरीबोटीने गाडीसकट शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरा. बोटीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. चढताना गाडी बहुधा रिव्हर्समध्ये घ्यावी लागते. घरातल्यांना आधी उतरवा आणि बोटीवरचा माणूस हाताने दाखवेल तसे चाक वळवा. ओहोटीला उतार जास्त तीव्र होतो, अशा वेळी खालून बसकी असलेली गाडी तिरपी घेतली तर बंपर घासत नाही. गाडी उभी केली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. वादळी हवेत बोट बंद असेल तर आबलोलीवरून भातगाव पूल ओलांडून जाकादेवीमार्गे गणपतीपुळ्याला जाता येते. हा रस्ता आधीच लिहून ठेवा. जयगडचा किल्ला पाहून, केशवसुतांचे मालगुंड करून मुक्काम गणपतीपुळे.

तिसरा दिवस सर्वांत लांब, सुमारे दीडशे किलोमीटर. इथे नियम मोडावा लागतो, म्हणून सातलाच निघा. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. या मार्गाइतका उघडा समुद्र पुढे क्वचित दिसतो, पण चढावरच्या वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नका. गाडी वर मोकळ्या जागी लावून चालत मागे या. रत्नागिरीत थिबा राजवाडा (१९१०) किंवा भगवती किल्ला, दोन्हींतले एकच. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडीचे सुरूबन, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूर. नकाशात जैतापूरहून विजयदुर्ग हाताच्या अंतरावर दिसतो. पण मध्ये वाघोटनची खाडी आहे आणि पुलासाठी बरेच आत जावे लागते. या टप्प्याला वेगळा दीड तास ठेवा. मुक्काम विजयदुर्ग.

चौथा दिवस: सकाळी उन्हाच्या आधी विजयदुर्ग किल्ला, दोन तास. मग पडेल, देवगड, तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर, पुढे मिठबाव, मुणगे, आचरा, मालवण. नव्वदच्या आसपास किलोमीटर. मुक्काम मालवण किंवा तारकर्ली, दोन रात्री.

पाचव्या दिवशी गाडीला आराम. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी लवकर पकडा. होडीवाले आत साधारण तासाभराचा अवधी देतात आणि उन्हात तेवढाच बरा वाटतो. किल्ल्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. तटाचा वळणदार घेर पाहायला होडीत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बघत चला. दुपारी झोप काढा, संध्याकाळी देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते ते पाहा.

सहावा दिवस परतीचा: मालवण, कसाल, कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर, सातारा. पावणेतीनशे किलोमीटर, आठ तास. फोंडा-दाजीपूरचा भाग गव्यांच्या अभयारण्याचा आहे, तो दिवसाउजेडीच पार करा. अंधारात गव्याचा काळा देह हेडलाईटमध्ये अगदी शेवटी दिसतो.

चारच दिवस असतील तर रत्नागिरीच्या दक्षिणेचे सगळे सोडून द्या आणि आंबा घाटाने परत या. घाट चढल्यावर मलकापूरहून (हे शाहूवाडीचे, कराडजवळचे नव्हे) कोकरूड-शेडगेवाडीवरून कराडला निघता येते, कोल्हापूरचा वळसा वाचतो.

सांगलीहून

सांगली-मिरजकरांनी कुंभार्लीच्या वाटेला जायची गरज नाही. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा, रत्नागिरी असे १८० किलोमीटर, पाच-साडेपाच तास. तिथून वरचाच किनारा धरून मालवण, आणि मग नेरूरपारचा पूल ओलांडून परुळे, निवती, वेंगुर्ले. देवबागहून भोगवे समोर दिसते, पण तिथे फक्त माणसांची होडी जाते. गाडीला नेरूरपारलाच यावे लागते. परत चढायला सावंतवाडी-आंबोली घाट-आजरा. कोणताही घाट धरण्याच्या दोन दिवस आधी तो चालू आहे का ते विचारा. रुंदीकरण आणि दरडींमुळे करूळसारखे घाट महिनोन्‌महिने बंद राहिलेले आहेत.

घाट उतरताना

ब्रेक घाटात निकामी होतात ते बहुतेक चालवण्याच्या पद्धतीमुळे. पाय सतत ब्रेकवर राहिला की डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ पडते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा: दुसरा, तीव्र वळणाला पहिला. ॲटोमॅटिक गाडी असेल तर डी वर सोडू नका, एल किंवा मॅन्युअल मोड घ्या. ब्रेक थोडा थोडा दाबून सोडायचा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. चढत्या गाडीला आधी वाट द्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल (दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलाच), कूलंट, वायपर आणि स्टेपनीतली हवा पाहून घ्या. स्टेपनी विसरते ती नेहमीच. गाडी लागणाऱ्यांनी पोटभर मिसळ खाऊन घाट उतरू नये. पुढच्या सीटवर बसावे, मोबाइल पाहू नये, आणि गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी.

खाली उतरल्यावर मोबाइलचा नकाशा जवळची म्हणून जी वाट दाखवतो ती कधी कधी वाडीतली अरुंद गल्ली निघते आणि पुढे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी लागते. रिव्हर्स घ्यायलाही जागा नसते. फाट्यावर थांबून ‘गाडीरस्ता हाच काय?’ असे विचारलेले बरे. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. रेंज नसली की यूपीआयही चालत नाही, म्हणून दिवसाला पुरेल एवढी रोकड सुट्ट्या नोटांत.

पुळण आणि पाणी

गाडी वाळूत नेऊ नये, हे ठळक सांगायला हवे. ओहोटीची ओली पुळण डांबरासारखी कडक दिसते. गाडी थांबली की चाकाखालचे पाणी निघते आणि चाक रुतते. ॲक्सिलरेटर दाबाल तसे ते खोल जाते. ट्रॅक्टर येईपर्यंत भरती लागते आणि इंजिनात खारे पाणी शिरते. शिवाय गुहागरसारख्या किनाऱ्यांवर याच थंडीत कासवे अंडी घालायला येतात. वाळूखालचे घरटे वरून दिसत नाही, चाकाखाली मात्र जाते.

पाण्यात उतरायचे तर ओहोटी लागलेली असताना उतरू नका. तेव्हा पाण्याची ओढ समुद्राकडे असते. गणपतीपुळ्याला तर गुडघ्याच्या पुढे जाऊच नये. तिथे दरवर्षी पोहता येणारी माणसेही बुडतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग किनाऱ्याकडे या.

मुक्काम आणि जेवण

घरगुती निवास बुक करताना चार गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, वीज गेल्यावर सोय काय, जेवण घरचे आहे का, आणि ते किती वाजेपर्यंत मिळते. कोकणात रात्री नऊनंतर चूल विझते. ताटात मासा हवा असेल तर सकाळीच फोन करून किती माणसे ते सांगा, म्हणजे त्या दिवशीचा ताजा बांगडा किंवा सुरमई आणली जाते. न सांगता गेलात तर बर्फातला मासा मिळेल. देवस्थानाजवळ शाकाहारीच जेवण चांगले. गणपतीपुळ्यात मोदक आणि सोलकढी घ्या, मासा मालवणसाठी राखून ठेवा.

सुकी मासळी आणणार असाल तर झाकण घट्ट बसणारा डबा घरूनच न्या. नुसती पिशवी डिकीत ठेवली तर वास महिनाभर जात नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला द्या आणि खालून, चाकांच्या आतून, सायलेन्सरपाशी गोड्या पाण्याचा फवारा मारायला सांगा. खारी हवा आणि वाळू पत्र्याच्या सांध्यात राहते. गंज पावसाळ्यात दिसतो, पण धरलेला तेव्हाच असतो.