ढकलायचं लॉन मशीन: आधी कागद कापून बघा

अंगणात पाचशे-हजार चौरस फुटांचीच हिरवळ असेल, तर पेट्रोलचं मशीन घेऊ नका. हाताने ढकलायचं रीळवालं मशीन भरपूर झालं. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने ते पहिल्यांदा बनवलं, आणि तत्त्व अजून तेच आहे: फिरत्या पात्यांचं रीळ आणि खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये गवत कात्रीसारखं कापलं जातं. म्हणून शेंडे फाटत नाहीत, पिवळे पडत नाहीत.

पण सगळी मदार त्या दोन धारांच्या अंतरावर. वर्तमानपत्राची लांब पट्टी त्यांच्यामध्ये धरा आणि रीळ काठीने हळूच फिरवा; बोटं लांबच ठेवा. कागद सपकन कापला गेला तर ठीक. नुसता दुमडला, तर खालच्या स्थिर पट्टीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू किंचित, अगदी सारखे आवळा. जास्त आवळलंत तर ढकलताना दम निघेल आणि धारही लवकर जाईल.

पावसाळ्यात खरी परीक्षा. गवत वीतभर वाढलं की या मशीनखाली ते नुसतं आडवं होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा, दव वाळल्यावर कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

भिंतीलगतचं आणि कुंड्यांभोवतीचं गवत राहतंच. तिथे बॅटरीचा ट्रिमर. काम झाल्यावर बॅटरी गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधारण निम्मी भरलेली, सावलीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको.