लुईस-हॅरिसचे पूर्वज शोधताय? या चुका टाळा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या लुईस बेटावरचं माझं सासर. त्यामुळे 'आमच्या सुनेचे, जावयाचे पूर्वज शोधायचेत, जरा मदत करा' असं सांगणारे मराठी लोक मला सतत भेटतात. मदत करायला मला मनापासून आवडतं. पण दर वेळी त्याच त्या चुका निस्तराव्या लागतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. लुईसवर आडनावं मोजकीच: मॅक्लाउड, मॅकडोनाल्ड, मॉरिसन, मॅकेन्झी, मॅकआयव्हर, स्मिथ, मरी. त्यात पहिल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं, अशी रीत. त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, एकाच वयाचे, 'जॉनचा मुलगा डोनाल्ड मॅक्लाउड' चार-पाच सहज निघतात.

ओळखीतला एक पुण्याचा मुलगा ग्लासगोला नोकरीला होता. बायकोचं माहेर लुईसच्या उत्तर टोकाला, नेस भागात. सासऱ्यांच्या सत्तरीला वंशावळ भेट द्यायचं त्याने ठरवलं. हातात दिवस थोडे, म्हणून कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली तयार वंशावळ उचलली. बायकोच्या खापरपणजोबांचं, डोनाल्डचं, नाव जुळत होतं, पॅरिश बार्व्हस जुळत होती, जन्मसालात दोनच वर्षांचा फरक होता. तिथून तो थेट अठराव्या शतकापर्यंत गेला. मोठ्या कागदावर छापून, फ्रेम करून नेलं. सासऱ्यांची नव्वदीतली आत्या ते बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाळा, ही बोर्व्हची माणसं. आमच्या डोनाल्डची आई मरी घराण्यातली होती."

ती बरोबर होती. डोनाल्डच्या मृत्यूची नोंद उघडली, तर आईचं माहेरचं आडनाव मरीच. उचललेल्या वंशावळीत ते मॉरिसन होतं. त्या मुलाने सूचीतलं नाव पाहिलं होतं, मूळ नोंदीचं पान उघडलंच नव्हतं. पान बघायला थोडे पैसे पडतात, तेवढे वाचवले आणि सहा पिढ्या परक्या घराच्या लावल्या. आयत्या बिळावर नागोबा होण्याचा मला म्हणूनच राग येतो. चुकीची वंशावळ एकदा इंटरनेटवर गेली की पुढचे दहाजण तीच उचलतात आणि मग दहा ठिकाणी आहे म्हणजे खरीच असणार असं मानलं जातं.

माझी सवय सांगते. प्रत्येक माणसासाठी मी चार गोष्टी कागदावर लिहिते: गाव, आईचं माहेरचं आडनाव, क्रॉफ्टचा क्रमांक आणि गेलिकमधली, म्हणजे बेटावरच्या जुन्या भाषेतली, बाप-आजाच्या नावांची साखळी. क्रॉफ्ट म्हणजे कुळाने कसायची छोटी जमीन. गावागावात तिला क्रमांक असतात आणि घराणं बहुतेक वेळा त्या क्रमांकानेच ओळखलं जातं. साखळी म्हणजे 'डोनाल इयन रुअरी', रुअरीच्या इयनचा डोनाल. गावात आडनाव कोणी विचारत नाही, ही साखळी विचारतात. चारांपैकी तीन जुळल्याशिवाय मी वरच्या पिढीला हात लावत नाही. लोक म्हणतात, फार वेळ जातो. जाऊ द्यावा.

१८५५ च्या अलीकडचं सोडून मागे पळणं

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधी चर्चची पुस्तकं होती. लुईसच्या ग्रामीण पॅरिशमध्ये तीही एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात, मधली पानं गायब असतात आणि १८४३ मध्ये चर्च फुटल्यावर लुईसची बहुतेक मंडळी वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेल्यामुळे जुन्या चर्चच्या पुस्तकात त्यांची मुलं सापडेनाशी होतात. तरी नवखा माणूस तिथेच डोकं आपटत बसतो.

उलट करा. १८५५ नंतरच्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. १७८० मध्ये जन्मलेली म्हातारी १८५८ मध्ये वारली, तर त्या एका पानावरून तुम्ही अठराव्या शतकाच्या मध्यात जन्मलेल्या माणसांपर्यंत पोहोचता. तिची नोंद मिळाली नाही तर तिच्या भावंडांच्या नोंदी काढा. माहिती कोणी दिली तेही वाचा: मुलाने दिली असेल तर भरवसा जास्त, शेजाऱ्याने दिली असेल तर आजीचं नाव चुकलेलं असू शकतं. आणि खुद्द १८५५ ची नोंद हाती लागली तर ती सोन्यासारखी जपा. त्या वर्षीचे रकाने इतके तपशीलवार होते की पुढच्याच वर्षी ते कमी करावे लागले.

एकाच बाईला चार बायका समजणं

कारकून इंग्रजीत लिहीत, घरातली भाषा गेलिक. ओयरिक नावाची बाई एका नोंदीत इफी, दुसरीत युफेमिया, तिसरीत हेन्रिएटा होते. कुठे कुठे चक्क आफ्रिकासुद्धा. बेहाकची रिबेका होते. टॉरमॉटचा नॉर्मन होतो. नवरा, गाव आणि मुलं तीच असतील तर बाई तीच.

लग्न झालेली बाई नवऱ्याच्या आडनावानेच शोधू नका. स्कॉटिश नोंदींत माहेरचं आडनाव मरेपर्यंत टिकतं, पुष्कळदा थडग्याच्या दगडावरही.

एका घरात जॉन नावाची दोन मुलं दिसली की लोक पहिल्याला मेलेला ठरवतात. दोघंही जिवंत असू शकतात, एक थोरला इयन, एक धाकटा.

१८४१ च्या जनगणनेतलं वय जसंच्या तसं धरू नका. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली होती. तेव्हा चाळीस म्हणजे चाळीस ते चव्वेचाळीस.

लुईस आणि हॅरिस हा एकच भूभाग, पण १९७५ पर्यंत काउंटी, म्हणजे जिल्हे, वेगळे. लुईस रॉसमध्ये, हॅरिस इन्व्हर्नेसमध्ये. इन्व्हर्नेसच्या कागदांत लुईसचं घर शोधून हताश झालेले लोक मी पाहिले आहेत.

जनगणनेत दिसत नाही म्हणजे मेले, असं लिहून टाकणं

तरुण मुली हेरिंग मासळी साफ करायच्या कामावर लर्विकपासून यार्मथपर्यंत जात. काहींची लग्नं तिकडेच लागली, काही तिकडेच वारल्या. पूर्व किनाऱ्याची बंदरं तपासल्याशिवाय 'नोंद नाही' म्हणू नका.

अख्खं घर नाहीसं झालं असेल तर कॅनडा आठवा. १८४४ मध्ये जेम्स मॅथिसनने लुईस बेट विकत घेतलं. चीनच्या अफूच्या व्यापारातला त्याचा पैसा. त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबईतूनच जहाजात चढत असे. १८४६ पासून बटाट्याचं पीक कुजलं, भाडी थकली आणि १८५१ ते १८५५ या काळात मॅथिसनच्या इस्टेटीने दोन हजारांहून जास्त माणसं कॅनडाला पाठवली. किती जण राजीखुशीने गेले आणि किती जणांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता, हे प्रत्येक घराच्या बाबतीत वेगळं शोधावं लागतं. 'स्थलांतर झाले' एवढंच लिहून पुढे जाऊ नये असं मला फार वाटतं.

इथे लोक जहाजाचं नाव शोधण्यात आठवडे घालवतात. क्यूबेकला उतरलेल्यांच्या याद्या १८६५ पासूनच्या राहिल्या आहेत, त्याआधीच्या जवळजवळ नाहीतच. जहाज सोडा. क्यूबेकच्या ईस्टर्न टाउनशिप्स आणि ओंटारिओची ब्रूस काउंटी इथल्या जनगणना आणि दफनभूमी बघा. गावाचं गाव शेजारी शेजारी वसलेलं सापडतं.

डीएनए चाचणीचा आकडा बघून नातं ठरवणं

बेटावर पिढ्यानपिढ्या आसपासच्याच घरांत लग्नं झाली. त्यामुळे यंत्र ज्याला 'थर्ड कझिन', म्हणजे खापरपणजोबा एकच असलेला भाऊ, म्हणतं, तो पुष्कळदा चार बाजूंनी दूरचा नातेवाईक असतो. आधी कागद, मग चाचणी. आणि मॅक्लाउड आडनाव आहे म्हणून स्काय बेटावरच्या डनव्हेगनचे, म्हणजे मॅक्लाउड कुळप्रमुखांच्या किल्ल्याचे, वारस असल्याचा दावा कृपा करून करू नका.

बेटावरच्या माणसांना शेवटी विचारणं

त्या आत्याबाईंना पहिल्याच दिवशी फोन केला असता तर फ्रेमचा खर्च वाचला असता. लुईसमध्ये बहुतेक भागांत स्थानिक इतिहास मंडळं आहेत. नेसचं १९७७ पासून चालू आहे. क्रॉफ्टवार घराण्यांच्या नोंदी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं जमवल्या आहेत. त्यांना 'माझे पूर्वज मॅक्लाउड, माहिती पाठवा' असं पत्र पाठवू नका. गाव, साल, आईचं आडनाव, तुम्हाला कुठपर्यंत पक्कं माहीत आहे आणि कशावरून, हे एका पानात लिहा. उत्तराला वेळ लागेल, कारण हे काम ते आपली नोकरी आणि मेंढरं सांभाळून करतात. आणि कुणी तोंडी माहिती दिली तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच पानावर, त्याच दिवशी लिहून ठेवा.