सायकलचा ब्रेक किंचाळतोय? आधी आवाज ओळखा

ब्रेक दाबला की सायकल किंचाळते आणि पुढे चालणारी माणसं दचकून बाजूला होतात. अशा वेळी बरेच जण तेलाची बाटली काढतात आणि ब्रेकच्या रबरावर दोन थेंब सोडतात. हे कधीही करू नका. रिमला तेल लागलं की ब्रेक धरतच नाही आणि रबरात मुरलेलं तेल सहसा निघत नाही.

आधी आवाज नीट ऐका. कर्कश किंचाळी येते ती थरथरण्यातून: रबर रिमला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. खरखर ऐकू आली तर रबरात वाळू किंवा धातूचा कण रुतलाय. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘टक्’ होत असेल, तर रिमचा सांधा वर आलाय किंवा रिमला पोचा पडलाय. हे शेवटचं काम चाकाचा आऊट काढणाऱ्या मिस्त्रीकडेच द्या.

१. ढिलेपणा शोधा. ब्रेकचा दांडा (ज्याला रबर बसवलेलं असतं तो) चिमटीत धरून पुढे-मागे हलवा. डुगडुगला तर त्याचा बोल्ट कसा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. हे राहून गेलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

२. रिम पुसा. स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत दोन्ही बाजू पुसत राहा. मागच्या रिमवर चेनवर मारलेल्या स्प्रेचे तुषार हमखास बसलेले असतात.

३. रबर काढून उजेडात धरा. माझ्या सायकलची खरखर आठवडाभर पुसूनही जाईना. शेवटी रबर तिरकं धरलं तर तांदळाच्या कणीएवढा चंदेरी तुकडा चमकला. तो रिमचाच ॲल्युमिनियम होता! सुईच्या टोकाने उकरून काढला आणि खरखर तिथेच थांबली. असा तुकडा तसाच राहू दिला तर तो रिमवर चरे पाडत जातो. रबराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून तो मंद, खरबरीत दिसेपर्यंत घासा. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर घासत बसू नका, नवं रबर टाका. रिमच्या बाजूही बघून घ्या: त्या वाटीसारख्या आत गेल्या असतील किंवा झीज दाखवणारी बारीक खोबण पुसली गेली असेल, तर रिम बदलायलाच हवी. पातळ झालेली कड हवेच्या दाबाने फाटू शकते.

४. रबर किंचित तिरकं बसवा. किंचाळीवरचा खरा इलाज हाच. चाक पुढे फिरतं त्या दिशेचं रबराचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागच्या टोकाशी साधारण १ मिमी फट राहिली पाहिजे. त्यासाठी घडी घातलेला जाड कागद मागच्या टोकाखाली सरकवा, ब्रेक दाबून धरा आणि बोल्ट आवळा. आवळताना रबर बोल्टबरोबर फिरू पाहतं, म्हणून ते दुसऱ्या हाताने घट्ट धरा. रबर टायरला लागता कामा नये आणि रिमच्या खालीही उतरता कामा नये. वाटीदार वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाला. ब्रेकला असे वॉशरच नसतील तर दांडा वाकवण्यापेक्षा रबराचं मागचं टोक थोडं घासून उतार काढा.

५. आधी जागेवरच लिव्हर पाच-सहा वेळा जोरात दाबून बघा, काही सरकत नाही ना. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दहा-बारा वेळा थांबा. घासलेलं रबर सुरुवातीला थोडं कुरकुरतं, पण रिमवर रुळलं की गप्प होतं. एवढं करूनही किंचाळी राहिली तर मऊ जातीचं रबर लावून बघा. पावसात भिजल्यावरच आवाज येत असेल आणि रिम कोरडी झाली की थांबत असेल, तर ब्रेकमध्ये बिघाड नाही.