मॉड (Maude, समीकरणांवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) मध्ये अनंत यादी: रिड्यूस (समीकरणं लावून सोडवण्याची आज्ञा) थांबतच नव्हतं

लक्षण: 'घे(२, पासून(०))', म्हणजे ०, १, २... या अनंत यादीतले पहिले दोन, रिड्यूस केलं की मेमरी संपेपर्यंत चालूच. घे-ची समीकरणं उलटसुलट करून, अटी घालून पाहिलं. दोन संध्याकाळी वाया!

कारण साधं. वेगळं सांगितलं नाही तर मॉड आधी सगळे आर्ग्युमेंट सोडवतो, त्यामुळे 'पासून'ची शेपूट (पहिल्या घटकानंतरची उरलेली यादी) संपत नाही.

आधी यादी जोडणाऱ्या ऑपरेटरला स्ट्रॅट (१ ०), म्हणजे आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने सोडवायचे ते, दिलं: फक्त डोकं (पहिला घटक) सोडव, मग त्या ऑपरेटरच्याच पातळीवर समीकरणं लाव. थांबलं, पण उत्तर अर्धवट: ० आणि पुढे न सोडवलेलं 'घे(१, पासून(१))'. शेपूट गोठलेली, इथेच बहुतेक जण फसतात.

मग स्ट्रॅट नसलेला दुसरा जोड-ऑपरेटर घोषित केला आणि घे-च्या समीकरणात उजवीकडे तोच वापरला. डावीकडे जुनाच. आता ०, १ मिळतात.