डेंटल कॉलेजात सेफ्टीचा चार्ज गळ्यात पडला तर

सेफ्टीचा चार्ज कुणी मागून घेत नाही. मीटिंगला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात तो पडतो. त्या दिवशी ठाण्याहून निघालेली आमची ट्रान्सहार्बर ऐरोलीच्या आधीच उभी राहिली. नेरूळला उतरून रिक्षा पकडून मी कॉलेजात शिरेपर्यंत मिनिट्समध्ये माझं नाव चढलं होतं. तोवर मी फक्त स्टरलायझेशन रूमची सिस्टर होते. चार्जबरोबर एक जाड फाइल मिळाली. तिच्यात पॉलिसी होती, फॉर्म होते, सह्या होत्या, आग लागली तर पळायचा नकाशाही होता. वापरलेली सुई खुर्चीवरून निघून कुठे कुठे फिरते, ते मात्र कुठेच नव्हतं.

ते मला एका मावशींमुळे कळलं. ओरल सर्जरीतल्या लाल पिशवीची गाठ मारताना त्यांच्या बोटात सुई शिरली, सोमवारी दुपारी. मला कळलं शुक्रवारी, तेही दुसऱ्या मावशींकडून. टोचलेल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टर, ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणेल." एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध सुरू करायची मुदत ७२ तासांची, ती उलटून गेली होती. शिवाय पिशवी सगळ्या खुर्च्यांची, त्यामुळे सुई कोणत्या पेशंटची ते सांगायला कुणीच नाही. स्वतःच्या हाताने टोचून घेणाऱ्या विद्यार्थ्याला निदान समोरचा पेशंट तरी माहीत असतो. मावशींचे पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले, पण ते येईपर्यंतचे महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय.

म्हणून तुम्हाला चार्ज मिळाला तर पहिला आठवडा फाइल उघडू नका. एक सुई निवडा आणि तिच्या मागे चाला: ड्रॉवरपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत. वाटेत किती हात लागतात ते मोजा. आमच्याकडे चार लागले: विद्यार्थी, खुर्ची आवरणारी मावशी, कचऱ्याच्या खोलीतले मामा आणि गाडीवरचा माणूस. विद्यार्थ्याला सगळं शिकवलेलं होतं, उरलेल्या तिघांना काही नाही.

आमच्या पाठलागात पहिल्याच दिवशी सापडलं की सुयांचा पांढरा डबा दाराजवळ होता, इन्स्पेक्शनला येणाऱ्यांना दिसावा म्हणून. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिथे जायला पंधरा पावलं. उघडी सुई घेऊन गर्दीतून चालायचं नाही, म्हणून मुलं दोन्ही हातांनी टोपण लावत आणि घाईत सिरिंजसकट लाल पिशवीत टाकत. मुलांना मी एक शब्द बोलले नाही, डबे हलवले. डबा खुर्चीवर बसल्या जागी हात पोचेल इतका जवळ हवा. टोपण लावावंच लागलं तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. तो रिकामा करून पुन्हा वापरायचा नाही. हे सांगायला लागतं, कारण डब्यांचं बिल पाहून कुणाच्या तरी मनात ती कल्पना येतेच.

बाकीचे रंग २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत दिलेत. रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्ह आणि सक्शनच्या नळ्या लालमध्ये, लोकलची रिकामी काचेची बाटली निळ्यात (लोकल म्हणजे भूल, नेरूळची नव्हे). ४८ तासांपेक्षा जास्त वेळ काही साठवायचं नाही. दातांच्या कॉलेजात एक खास भानगड असते, ती कोणताही तक्ता सांगत नाही. प्रीक्लिनिकलच्या, म्हणजे अजून पेशंट न बघणाऱ्या, मुलांना सरावासाठी काढलेले दात लागतात. ती आसपासच्या दवाखान्यांतून बाटल्या भरभरून दात गोळा करतात आणि त्या बाटल्या हॉस्टेलच्या कपाटात ठेवतात. हे दात आधी स्वच्छ धुऊन ओले ठेवायचे आणि वापरण्याआधी ऑटोक्लेव्ह करायचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचे. चांदी भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये कधीच घालायचा नाही आणि पिवळ्या पिशवीतही नाही, कारण ती पिशवी जाळली जाते. चांदी म्हणतात ते खरं अमलगम, त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा पारा असतो, तापला की त्याची वाफ होते. असे दात दोन आठवडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मी ओरल सर्जरीच्या बेसिनवर दोन बरण्या ठेवल्या, 'भरलेला' आणि 'बिनभरलेला'. पहिले काही दिवस मुलं हसली.

टोचल्यावर काय करायचं हा कागद मी स्वतः लिहिला, मराठीत, आणि नोटीस बोर्डाऐवजी प्रत्येक नळाच्या वर लावला. साबण लावून वाहत्या पाण्यात धुवा. दाबून रक्त काढू नका. स्पिरिट, हायपो (ब्लीचचं द्रावण) ओतू नका, बोट तोंडात घालू नका. डोळ्यात थेंब उडाला असेल तर नुसत्या पाण्याने धूत राहा. पेशंट खुर्चीत असेल तर त्याला घरी पाठवू नका, त्याची संमती घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. एचआयव्हीचं औषध देणाऱ्या जवळच्या एआरटी सेंटरचा नंबर त्याच कागदावर ठळक लिहा. औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हावं आणि २८ दिवस चालावं. आणि माणसाला एकट्याला पाठवू नका, कुणीतरी सोबत जा. फॉर्म नंतर भरता येतो.

एचआयव्हीच्या नावाने सगळ्यांचे पाय लटपटतात, पण दूषित सुईने तो होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला शंभरात तीसपर्यंत होऊ शकतो, आणि त्याचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. ज्याला लस आहे त्यालाच आपण घाबरत नाही, म्हणून ती लस राहून जाते. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीजचं प्रमाण) बघायचा, १० किंवा वर हवा. बीडीएसच्या मुलांची लस कॉलेज करतं. ठेक्यावरच्या मावशींची कोण करणार? ठेका वर्षाला बदलतो आणि कोर्स सहा महिन्यांचा. मी ही अट टेंडरमध्येच घालून घेतली: पहिला डोस कामाच्या पहिल्या दिवशी, रजिस्टरची प्रत बाईच्या हातात, म्हणजे ठेकेदार बदलला तरी डोस पुन्हा पहिल्यापासून मोजायला नको. हे करून घ्यायला मला अकाउंट्सच्या दारात पाच फेऱ्या माराव्या लागल्या. फेऱ्यांची तयारी ठेवा.

माझ्या स्वतःच्या खोलीत धोका दुपारी १ वाजता येतो. ओपीडी संपते, सगळ्या ट्रे एकदम येतात, आणि साबणाच्या पाण्याखाली एक्सप्लोररची, म्हणजे दात चाचपायच्या अणकुचीदार हत्याराची, टोकं दिसत नाहीत. बेसिनमध्ये हात घालून हत्यार शोधायचं नाही, चिमट्याने उचलायचं. ग्लोव्ह तपासणीचे पातळ नकोत, भांडी घासायचे जाड हवेत. हत्यारं धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर हाताने घासूच नका. ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर आल्याशिवाय दाराला हात नाही, पीजीचे कितीही विद्यार्थी डोक्यावर उभे असले तरी. माझ्या मनगटावर एक डाग आहे, तो अशाच एका घाईचा. आणि पुडक्यावरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे सामान निर्जंतुक झालं असं नाही, ते फक्त तापलं एवढंच कळतं. आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट लावा, म्हणजे चिवट जंतू आत ठेवून ते मरतात का ते बघा.

सोमवारी सकाळी पाण्याकडे लक्ष द्या. मोरबे धरणाचं पाणी कितीही चांगलं असो, खुर्चीच्या बारीक नळीत शनिवार-रविवार उभं राहिलं की आतून बुळबुळीत थर धरतो, आणि दात साफ करायच्या स्केलरच्या फवाऱ्यातून तो पेशंटबरोबर आपल्याही नाकात जातो. २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाईंना दाताच्या खुर्चीतल्या पाण्यातून लेजिओनेला जिवाणूचा न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. सकाळी २ मिनिटं, दोन पेशंटच्या मध्ये २०-३० सेकंद पाणी सोडायचं. फुकटचा उपाय आहे, तरी सगळ्यात जास्त टाळाटाळ यातच.

एक्स-रेबद्दल थोडक्यात. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना असतोच, अडचण बॅजची असते. आमच्या एका टेक्निशियनने टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) शिशाच्या एप्रनला कायमचा लावून ठेवला होता आणि एप्रन एक्स-रे खोलीतच टांगलेला. तीन महिने डोस मोजला गेला तो खुंटीचा. बॅज माणसाच्या छातीवर, एप्रनच्या आत. एप्रन घडी करून ठेवायचा नाही, शिशाला भेगा जातात. लहान मुलाच्या तोंडात फिल्म धरायची वेळ आली तर ते काम स्टाफचं नाही.

आता प्रोस्थोची, म्हणजे कवळ्या आणि कॅप बनवायची, लॅब. खरी भीती मला तिथली वाटते, कारण तिथे धोका हळू येतो. ॲक्रिलिकच्या मोनोमरचा, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकच्या पातळ द्रवाचा, तो गोडसर उग्र वास असतो ना, ती वाफ साधारण १० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते. नेरूळला थंडीतसुद्धा पारा इतका खाली जात नाही, म्हणजे बाराही महिने धोका. तरी एकाच टेबलावर एक मुलगा मोनोमर ओततोय आणि शेजारची मुलगी स्पिरिटच्या दिव्यावर मेण वितळवतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टेबलं वेगळी करा, बाटलीचं झाकण लगेच लावा. साधे ग्लोव्ह मोनोमरला अडवत नाहीत, बोटांना खाज आली की मुलं साबण बदलतात. पॉलिश करायच्या लेथवर तर ग्लोव्हच नकोत. फिरत्या चाकात ग्लोव्ह, ओढणी आणि आयकार्डची दोरी तिन्ही सारखीच गुंडाळली जातात. आयकार्ड सक्तीचं करणारं ऑफिस आणि ते लेथपाशी काढायला लावणारी मी, यावरून आमचं एकदा वाजलंय. आणि निकेल-क्रोमियम धातूचे कॅप घासणाऱ्या टेक्निशियनला कागदी सर्जिकल मास्क देऊन गप्प बसू नका. त्या धुळीला आणि साचे बनवायच्या इन्व्हेस्टमेंट पावडरीतल्या सिलिकाला एन-९५ आणि टेबलावरचं सक्शन, दोन्ही लागतात. विद्यार्थी चार-पाच वर्षांत जातो, टेक्निशियन तिथेच निवृत्त होतो.

कन्झर्व्हेटिव्हच्या (दात भरायच्या विभागाच्या) जुन्या कपाटात पाऱ्याची सुटी बाटली निघाली तर घाबरू नका. बऱ्याच कॉलेजांत निघेल. सांडलाच तर अंगठी, बांगड्या काढा, खिडक्या उघडा, दोन कार्डांनी थेंब एकत्र लोटून बिनसुईच्या सिरिंजने ओढून झाकणाच्या बाटलीत भरा. झाडू नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. मावशींना तेवढा वेळ त्या खोलीत येऊ देऊ नका. हायपो आणि टाइल्सचं ॲसिड वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, मिसळले की क्लोरीन सुटतो. दोन्हीपैकी काहीही पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही.

जून लागायच्या आधी तळघरात एक चक्कर मारा. कंप्रेसर आणि सक्शनचा पंप बहुतेक तिथेच असतात. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की आपल्याकडे पाणी कुठवर येतं ते वॉचमनला विचारा, तो हाताने भिंतीवर दाखवेल. प्लग त्या खुणेच्या वर घ्या. ईएलसीबीचं (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोर दाबायला लावा.

राहिलं रजिस्टर. माझ्या आधी चूक करणाऱ्याला दंड होता, आणि रजिस्टर कोरं. कोरं रजिस्टर बघून सगळे खूश होते. मी दंड काढला, 'कुणामुळे' हा रकाना काढला, 'कुठे' आणि 'किती वाजता' हे दोनच ठेवले. लिहिता येत नसेल त्याने येऊन सांगायचं, मी लिहिते. पहिल्या महिन्यात पान भरलं आणि डीनसरांनी बोलावून विचारलं, अपघात एकदम वाढले कसे? मी पान पुढे केलं. बहुतेक नोंदी दुपारी १ ते २ मधल्या होत्या. पुढच्या टर्मपासून शेवटचा पेशंट १२ वाजता घ्यायचं ठरलं. पीजींनी महिनाभर कुरकुर केली. मावशी आता पिशव्या दुपारी दीडला, रिकाम्या क्लिनिकमध्ये, दिवे लावून बांधतात.