बॅटरी कारखान्यात शिशाची तपासणी करताना या चुका टाळा

“साहेब, हवेचा रिपोर्ट एकदम ओके आहे, मग पोरांच्या रक्तात शिसं येतंय कुठून?” मुंबईतल्या कारखान्यांतून हा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो.

बऱ्याचदा घोळ हवेचा नमुना फिल्टरमधून ओढणारा पंप लावण्यातच असतो. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो एक्झॉस्टशेजारी भिंतीला टांगलेला सापडला. तिथली हवा स्वच्छ असणारच! फिल्टरची डबी कामगाराच्या कॉलरला, नाकापासून फूटभराच्या आत हवी, आणि पूर्ण पाळीभर. तीही पेस्टिंग (प्लेटांवर शिशाचा लेप भरणं), प्लेट कापणं, प्लेटा रचणं अशा कामांवर, ऑर्डर जोरात असताना.

हे सगळं नीट केलं तरी हवेचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. त्याच गाळ्यात प्लेटा रचणारा एक जण सव्वाचारला जरा बाजूला झाला. पुडीतून चिमूटभर तंबाखू, वर नखाने चुना, आणि अंगठ्याने तळहातावर मळणं सुरू. नखांच्या कडा करड्या. दोन थापट्या मारून भुकटी उडवली आणि ओठाखाली बार भरला. हात त्याने धुतले होते, पण दुपारी जेवणाआधी, नुसत्या पाण्याने. हे शिसं कुठल्याच फिल्टरवर येत नाही, थेट पोटात जातं. त्या दिवसापासून मी पंपाआधी नळ, साबण आणि जेवणाची जागा बघतो.

‘मर्यादेच्या आत’ या शब्दांवरही फार विसंबू नका. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतल्या शिशाची आठ तासांची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेची १९७८ पासून ०.०५. म्हणजे आपल्याकडे त्या आकड्यावर पास झालेली हवा तिकडच्या मर्यादेच्या तिप्पट असू शकते. मी मालकांना दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून देतो. चेहरे पडतात, पडू देत.

रक्ताच्या रिपोर्टवर आधी एकक वाचा. एक लॅब मायक्रोग्रॅम डेसिलिटरमागे देते, दुसरी लिटरमागे. २५ आणि २५० एकच. बोटाला टोचून रक्त घेऊ नका, त्वचेवरच्या धुळीने आकडा फुगतो. शिरेतून, कामाच्या जागेबाहेर, हात धुऊन घ्या.

तारखेची चूक मी स्वतः केलीय. गणपतीला कोकणात गेलेली मंडळी परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलं, आकडे उतरलेले बघून मालकाचं अभिनंदनही करून बसलो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांतलं वर्षानुवर्षं ठाण मांडून राहतं. नवरात्रानंतर आकडे पुन्हा होते तिथेच.

कंत्राटी माणसं तीन-तीन महिन्यांनी बदलली की सरासरी अशीच सुंदर दिसते. एकेकाचा वेगळा आलेख काढा, आणि हजेरीपटावर नसलेला, धूळपिशव्या झटकणारा हेल्पर आधी शोधा.

गूळ-केळं वाटून शिसं ‘धुतलं’ जात नाही. (उपाशीपोटी ते जास्त शोषलं जातं, तेव्हा नाश्ता जरूर द्या, पण हात धुतल्यावर.) काम तसंच चालू ठेवून शिसं उतरवणारी औषधं देणं तर धोक्याचंच. आधी माणूस त्या कामावरून हलवा. पोटात कळा येण्याची, मनगट लुळं पडण्याची वाट बघू नका. रक्तदाब आणि मूत्रपिंडं त्याआधीच, काही न जाणवता बिघडू लागतात.

राहिले कपडे. गणवेश पिशवीतून लोकलने घरी जातो आणि एका खोलीच्या घरात पोराच्या शर्टाबरोबर बादलीत भिजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमलाच स्रोत शोधायला सांगतात. कामगाराच्या रिपोर्टवर तेवढाच आकडा आला तर मालक पेढे वाटेल. तेव्हा बापाचा आकडा वाढलेला दिसला की मुलांचंही रक्त तपासून घ्या. गणवेश कारखान्यातच ठेवायचा, आणि धुलाईचा खर्च मालकाचा.